नाटकाचं हेल्मेट

"अरे, जरा हस की!" कॉलेजसाठी फोटो काढणारा ग्रेग म्हणाला.

"कशाला?" डेलरॉय टोलिव्हरने विचारलं.

प्रश्न रास्त होता. डेलरॉय पूल बांधण्याचं शिक्षण घेत होता, आणि उन्हाळ्यात कुठेतरी इंटर्नशिप केल्याशिवाय कॉलेज त्याला पदवी देणार नव्हतं. अर्ज करून करून पोराची बोटं झिजली होती. एकाही कंपनीने साधं 'नाही' म्हणायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. आणि हा ग्रेग त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून 'आमचे यशस्वी इंटर्न' या पोस्टरसाठी फोटो काढत होता.

"पण मला इंटर्नशिप मिळालेली नाही."

"मिळेल रे! आणि हेल्मेट जाताना परत दे हं. नाटकवाल्यांचं आहे."

त्या कॉलेजात आमची काळी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे पोस्टर रक्तदानाचं असो की वाचनालयाचं, त्यावर डेलरॉय असायचाच. संगीत विभागाच्या दारावर तर तो व्हायोलिन उलटं धरून उभा होता. पोराला साधी शिट्टी वाजवता येत नव्हती.

आमच्या या मुलांना नोकरीच्या वाटेला लावायला कॉलेजने एक टेबल दिलं होतं, आणि त्यामागे पेटवेबाई बसायच्या. बाई आमच्यातल्याच. इतक्या कंपन्यांना इतके फोन केले होते की आता घरी जेवायला बोलवतानाही त्या "आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व" म्हणत.

"पोस्टरवर जायला तुला कधी अर्ज करावा लागला का, बाळा?" त्या म्हणाल्या. "बरं, ऐक. पुलांच्या कंपनीतल्या कॅमिल बास्कमला मी गळ घातलीय. एकच जागा आहे. बुधवारी मुलाखत. टाय नीट बांध."

डेलरॉय आनंदाने घरी गेला. इकडे पोस्टर आमच्या डेटन शहरातल्या बसगाड्यांवर लागलं आणि शनिवारी नेमकी तसलीच एक बस डेलरॉयच्या मावशीसमोर येऊन थांबली. लुर्लीन मावशीनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. बाजार तिथेच टाकून तिने डेलरॉयला न विचारताच पाद्रीबुवांना फोन लावला.

आमच्या चर्चमध्ये पोरानं काही मिळवलं की रविवारी त्याला सगळ्यांसमोर उभं करतात. डेलरॉय उभा राहिला तो "नाही हो" म्हणायलाच. पण तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला, आणि ऑर्गनपुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने आदल्या रात्री जागून भाजलेला केक सगळ्यांना वाटला. एक तुकडा तिसऱ्या बाकावर बसलेल्या कॅमिल बास्कमनेही खाल्ला.

सोमवारी तिने पेटवेबाईंना फोन केला. "तुमच्या त्या डेलरॉयला मिळाली की हो इंटर्नशिप! एकाच पोराने दोन जागा कशाला अडवायच्या? बुधवारची मुलाखत मी दुसऱ्या मुलाला दिली."

"अगं, ते हेल्मेट नाटकातलं आहे!"

"बाई, पोस्टर तुमच्याच कॉलेजचं ना? मग तुम्हीच खोटं म्हणता?"

पेटवेबाईंनी सवयीने "आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व" म्हणून फोन ठेवला आणि डेलरॉयला बोलावून घेतलं.

डेलरॉयने मावशीला सगळं सांगितलं. "मी अख्ख्या चर्चला केक वाटला रे मेल्या!"

"मी काय करू? सांगायला गेलो तर ऑर्गन वाजला."

"मग आता चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्यायला उभा राहा. जिथे टाळ्या घेतल्यास तिथेच सांग."

पुढच्या रविवारी तो उभा राहिला. "मला इंटर्नशिप मिळालेली नाही. ते हेल्मेट नाटकातलं होतं."

"आमेन!" एक आजीबाई सवयीने म्हणाल्या. ऑर्गनवाल्याची बोटंही वळवळली, पण लुर्लीन मावशीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ती जागीच थिजली.

"मी दमलोय," डेलरॉय म्हणाला. "माझा चेहरा सगळ्यांना हवाय. काम द्यायला कुणी नाही."

यावर त्या आजीबाईंनी आमेनऐवजी रुमाल काढला.

बाहेर आल्यावर कॅमिलने त्याला गाठलं. "ती जागा गेली रे. पण पुलाखाली चिखलात उभं राहून भेगा तपासायला कुणी तयार होत नाही. येशील?"

"येईन."

"मुलाखत द्यावी लागेल."

"आत्ता देतो."

तिथेच गाडीला टेकून मुलाखत झाली. निम्मी उत्तरं मावशीनेच दिली, तरी पोराला घेतलं.

उन्हाळाभर डेलरॉय नदीवरच्या जुन्या पुलाखाली राबला. एकदा पेटवेबाई मुद्दाम बघायला गेल्या. गुडघाभर चिखल, डोक्यावर पोचे आलेलं हेल्मेट, तोंडावर धूळ, आणि कुणी न सांगता पोरगा हसत होता. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच फोटो काढून ग्रेगला पाठवला. 'हा बघा खरा इंटर्न. पोस्टर बदला.'

ग्रेगचं उत्तर लगेच आलं.

'फोटो छान आहे, बाई. पण खरा वाटत नाही. जुनाच ठेवू.'