मागच्या पायरीवरची फुली

आमच्या शाळेचे शिपाई सावंतमामा रोज दिवेलागणीला आवारात उभे राहून मोठ्यानं पेपर वाचायचे. तेही बातम्या नव्हेत, बारीक अक्षरांतल्या जाहिराती. गेटजवळ ‘वधू पाहिजे’, नळाजवळ ‘जुने कपाट विकणे आहे’. जिथं अक्षर लागेना तिथं खिशातून खडू काढून फरशीवर फुली मारायचे.

“मामा, हे काय चाललंय?” मी पहिल्यांदा विचारलं.

“काळोख मोजतंय, सर.”

मामा मूळचे गिरणीतले वायरमन. संप झाला, तो मिटला असं कुणी सांगितलंच नाही, आणि मामा डिलाईल रोडच्या आमच्या शाळेत घंटा वाजवायला आले. मनातून मात्र वायरमनच राहिले. जगात जे बिघडेल त्याची त्यांच्या मते ‘फेज गेलेली’ असे. हेडबाई चिडल्या की हेडबाईंची, आमटी विटली की आमटीची. दिवा लावला की त्याला हात जोडायचे, मग तो देवापुढचा असो की व्हरांड्यातली फडफडणारी ट्यूब.

त्यांचा हट्ट एकच होता: मागच्या पायऱ्यांवर दिवा हवा. संध्याकाळच्या शिवणवर्गाच्या मुली तिथून गल्लीत उतरत. बहुतेकींचे वडील संपानंतर घरी बसलेले. “सर, पोरी चाचपत उतारतत. एखादी पडतली,” मामा म्हणायचे. आवाराचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं मी ‘बघू’ म्हणत राहिलो. एक मुलगी तिथं पडून तिचा हात मोडला तेव्हा कुठे मी अर्ज केला, आणि मामांच्या फुल्यांबरहुकूम दिवे बसले.

पहिल्या संध्याकाळी हेडबाई, पालक, सगळे जमले. मागच्या पायऱ्यांवर सुईत दोरा ओवावा इतका उजेड. मामांनी पेपर उघडला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग वाकले आणि पायरीवर फुली मारली.

माझं डोकंच फिरलं. “मामा, दिवा डोक्यावर आहे! आता काय सूर्य आणून टांगू?”

सगळे हसले. लोक हसले की मास्तराला चेव येतो. मी ती फुली बुटानं पुसली आणि म्हणालो, “मामा, फेज तुमचीच गेली!”

मामाही हसले. पेपराची घडी करून त्यांनी ती काखेत धरली. त्यानंतर त्यांनी पेपर वाचला नाही. खोड मोडली म्हणून मी खूशही झालो. पुढे मामा पाण्याचा तांब्या टेबलाच्या कडेला ठेवायला लागले, तो खाली पडायला लागला, आणि आम्ही वयाला दोष दिला.

काचबिंदू होता. थोडं आधी आणलं असतं तर उरलेली नजर राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. गिरणी सुटली होती, आता शाळा सुटायला नको होती. कळू दिलं ते एकदाच, चुकून, त्या पायरीवर. आणि मी ते पुसलं. ही गोष्ट मला अजून खाते.

शाळा सुटलीच. पण रोज संध्याकाळी मामी त्यांना हाताला धरून आणायच्या आणि मागच्या पायऱ्यांखालच्या कट्ट्यावर बसवून बाजाराला जायच्या. बरेच दिवस मी पुढच्या गेटानंच घरी गेलो. एकदा धीर करून शेजारी बसलो.

“मामा, त्या दिवशी माझं चुकलं.”

“सर, जरा गप ऱ्हवा. वर्ग सुटलो.”

वरून चपलांचा आवाज आला. एक मुलगी, मग दोघीचौघी, हसत, एकमेकींना ढकलत धडाधड उतरल्या आणि गल्लीत गेल्या.

“आयकलात?” मामांचा चेहरा फुलला. “धावतत! म्हणजे दिवो लागलो हा.”

आणि त्यांनी हात जोडले. दिवा दुसऱ्या बाजूला होता. या वेळी मी काही बोललो नाही.