दहा म्हणाल तर बाक

धायरीच्या आमच्या सोसायटीतून सकाळी बाहेर पडायचे तर फाटकापाशी एक आकडा सांगावा लागतो. एक ते दहामधला. विचारणारे सुभेदार साळुंखे, सैन्यातून निवृत्त, वय सहासष्ट, बी इमारत, पहिला मजला. बरोबर सातला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात वही धरून ते उभे असतात, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: "राम राम. मनोबल?"

पाच ते नऊला वाट मोकळी. चार किंवा त्याखाली गेलात तर सुभेदार काहीतरी करतात. आणि दहा म्हणाल तर फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायचा. दहा मिनिटे, न बोलता. त्या चहात चहा कमी आणि आले जास्त असते.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. आकड्याच्या बाबतीत मला ढिलाई चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सहा पूर्णांक चार सांगितले. "पॉइंट घरी ठेवून यायचा, साहेब," म्हणाले आणि सहा लिहिले.

तिसऱ्या मजल्यावरची ऋतुजा आयटीत आहे. एकदा ती हेल्मेटमधूनच "तीन" म्हणाली. सुभेदारांनी स्कूटरची किल्ली काढून खिशात घातली. "तीन म्हणजे आराम. हुकूम आहे." ती भांडेल असे मला वाटले होते. पण ती मुकाट वर गेली, रजा कळवली आणि दुपारी साडेतीनपर्यंत झोपली. संध्याकाळी "सात, काका" म्हणून किल्ली घेऊन गेली. दोन्ही नोंदी वहीत आहेत.

दहा हा तर सर्वांत चांगला आकडा, त्याला शिक्षा कशाला, असे मी एकदा विचारले. तेव्हा किसनची गोष्ट कळली. बर्फातल्या एका ठाण्यावर सुभेदारांच्या हाताखाली चौदा जण होते. तिथेही रोज सकाळी हाच प्रश्न. वायरलेसवरचा किसन नेहमी दहा सांगायचा आणि सुभेदार बाकीच्या तेरा जणांना त्याचे उदाहरण द्यायचे. एका सकाळी तो सेटवरून घरच्यांकडे कपाशीची चौकशी करताना दिसला. सेटला बॅटरी नव्हती. तो किती रात्री झोपला नव्हता, कोणालाच ठाऊक नव्हते. हवा निवळून हेलिकॉप्टर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत सुभेदार त्याच्या बिछान्याला बिछाना लावून झोपले.

"नवव्या दिवशीपण दहाच म्हणाला," ते म्हणाले. "चूक माझी. दहा ऐकून मला बरं वाटायचं."

किसन आता ठणठणीत आहे. वऱ्हाडात त्याची संत्र्याची बाग आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि तो "सहा" म्हणाला की सुभेदार दिवसभर सगळ्यांना सांगत सुटतात.

अशा या सुभेदारांविरुद्ध अर्ज आला. अठ्ठेचाळीस फ्लॅट, अकरा सह्या. पहिली सही देशमुखांची. त्यांचे म्हणणे, बाकावरच्या दहा मिनिटांची सिंहगड रस्त्याच्या गर्दीत पस्तीस होतात. "मग नऊ सांगा की," मी म्हटले. "मी का म्हणून कमी सांगू?" देशमुख म्हणाले.

कमिटीने चार विरुद्ध तीन मतांनी फाटकावरची ही हजेरी बंद केली. विरोधातल्या तिघांत मी होतो, पण पत्र नेऊन देणे सेक्रेटरीकडेच आले. सुभेदारांनी ते उभ्यानेच वाचले, घडी घातली, "ठीक. हुकूम," म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी फाटक मोकळे. सात ते नऊ मी मोजत बसलो. बावन्न जण बाहेर पडले, त्यांतले सदतीस फाटकापाशी उगाचच हळू झाले. देशमुखांनी गाडीची काच खाली केली, रिकाम्या बाकाकडे पाहून "नऊ" म्हणाले आणि निघून गेले. मी ते लिहून घेतले.

सुभेदार तीन दिवस खाली आले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी मी वही पहिल्या पानापासून तपासली. अठ्ठेचाळीस फ्लॅट, चार वर्षे. बी-१०३ समोर एकही आकडा नव्हता. तो फ्लॅट त्यांचा. वहिनी गेल्यापासून तिथे ते एकटेच राहतात.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांची बेल वाजवली. शर्टाला इस्त्री होती.

"राम राम," मी म्हटले. "मनोबल?"

"दहा," सुभेदार म्हणाले.

"चला. बाकावर."

थर्मास मी घरून नेला होता. ते येऊन बसले. ऋतुजाने स्कूटर थांबवली, बाकावर कोण आहे ते पाहिले, हेल्मेट काढले आणि त्यांच्या शेजारी बसली. मग देशमुखांची गाडी थांबली. "दहा सांगितलं वाटतं," असे पुटपुटत तेही टोकाला टेकले. मी घड्याळ लावले होते.

दहा मिनिटे झाली.

"चार," सुभेदार म्हणाले. "चहात आलं नाही."

मी बी-१०३ समोर चार लिहिले. ठराव रद्द करायचा तर रीतसर बैठक लागते. त्या बैठकीसाठीच्या अर्जावर पहिली सही पुन्हा देशमुखांचीच आहे. पण चार आले की काहीतरी करायचे असते, आणि तेही त्याच दिवशी. मी वही सुभेदारांच्या हातात दिली.