चूक कोणाची

डडली ट्रँटरनं ठरवलं की शेजारच्या कुत्रीचं प्रकरण कागदावर न्यायचं नाही, कुंपणावरून चहाचा कप देत-घेत गोडीत मिटवायचं, आणि तिथंच सगळा घोटाळा सुरू झाला.

वारिंडा गावात कुत्र्यांचा बंदोबस्त पाहणारा कौन्सिलचा माणूस म्हणजे डडली. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. खाकी शर्ट, खिशात वही, गाडीत मागं पिंजरा. त्याचं एक ठाम मत होतं आणि शेगडीवर सॉसेज भाजत उभ्या असलेल्या कुणालाही तो ते ऐकवायचा. कुत्रा कधी बिघडत नाही, मालक बिघडतो. मालकाला चार प्रश्न नीट विचारा, कुत्रा आपोआप सुधारतो. (प्रश्न विचारायची त्याला भारी हौस. उत्तर ऐकायची तेवढी नव्हती.)

आता वारिंडात, किंबहुना त्या सगळ्या मुलखात, कोंबडीला 'चूक' म्हणतात. उच्चार चहातल्या 'च'चा. आपली चूक वेगळी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ती तशी वेगळी राहणार नाही.

डडलीची बायको ग्लेनिस हिच्या सहा चुका होत्या. दिवसभर त्या मागच्या बागेत मोकळ्या हिंडायच्या. पाचच्या ठोक्याला ग्लेनिस परसदारी उभी राहून "चूक, चूक, चूक" अशी लांबलचक हाक घालायची, की सहाही जणी तुरुतुरु खुराड्याकडे. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी मागच्या भाड्याच्या घरात आयव्हर पॅस्को राहायला आला. म्हातारा, एकटा, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला. त्याच्याबरोबर लालसर रंगाची केल्पी जातीची, मेंढ्या वळणारी कुत्री. त्या दिवसापासून पाचला हाक गेली रे गेली की ही कुत्री चार फुटी कुंपणावरून अलगद इकडे. मग कोंबड्यांना गोळा करून कोपऱ्यात दाबायची आणि समोर बसून टक लावून बघायची. चावायची नाही, भुंकायची नाही. पण कोंबड्यांना ते कोण सांगणार? सहाही जणींनी अंडी द्यायचं बंद केलं, आणि मार्जरी नावाच्या सगळ्यांत थोरलीची तर शेपटीच गळाली.

"तू कुत्र्यांचा साहेब ना?" ग्लेनिस म्हणाली. "मग कर काहीतरी."

"करतो ना. शेजारधर्म आहे. सवडीनं बोलतो त्याच्याशी."

सवड काही मिळेना. सोमवारी सकाळी डडली कौन्सिलच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागं सँडविच खात बसला होता, तर समोरच्या रांगेत हातात नंबराची चिठ्ठी घेऊन ग्लेनिस उभी.

"तू इथं काय करतेयस?"

"तक्रार नोंदवतेय. सतरा नंबर."

"अगं, घरी सांगायचंस की."

"घरी तीन आठवडे सांगतेय. नाव लिही. ग्लेनिस ट्रँटर. ट्रँटरमध्ये टेंगळासारखा नवरा आहे, तेही लिही."

त्यानं लिहिलं. मंगळवारी ती परत आली, तेव्हा परत लिहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. वारिंडाचा नियम असा की एका कुत्र्याच्या नावावर तीन नोंदी झाल्या की ते कोंडवाड्यात जायचं. आणि एकदा कोंडवाड्यात गेलेलं, घरमालकानं लिहून दिल्याशिवाय भाड्याच्या घरी परत यायचं नाही. आयव्हरचा घरमालक लिहून देणाऱ्यांतला नव्हता. म्हणजे तिसरी नोंद झाली की म्हातारा एकटा. डडलीला ते मनातून आवडेना. पण तक्रारदार खुद्द बायको असल्यामुळे तिसऱ्या नोंदीआधीची पाहणी त्याच्या हातातही राहिली नव्हती. शेजारच्या तालुक्यातून मिस लॉरेटा क्विग येणार होत्या, गुरुवारी, पाच वाजता. मिस क्विगनी स्वतःच्या आईच्या मांजरावर नोंद केली होती म्हणतात.

डडलीनं बुधवारी आयव्हरची फाइल काढली. आणि त्याचे डोळे चमकले. म्हातारा राहायला आला तेव्हा भरलेल्या अर्जात लिहिलं होतं: कुत्रा, एक. नाव, कोरं. चूक, एक.

म्हणजे म्हाताऱ्याकडे कोंबडीही होती. पण मागच्या अंगणात एक पीसदेखील दिसलं नव्हतं. गेली कुठं ती? डडलीची उत्सुकता एकदम चाळवली. कुत्रीनं घरचीच कोंबडी आधी फस्त केली की काय? सव्वीस वर्षांत असा गुंता हाती आला नव्हता. दुपारी जेवण टाकून तो आयव्हरच्या दारात हजर झाला.

"पॅस्को, एक विचारायचं होतं. तुमची चूक कुठंय?"

"आत. पलंगावर," आयव्हर म्हणाला. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

"पलंगावर?"

"नोरीन गेल्यापासून तिथंच झोपते. दीड वर्ष झालं." नोरीन म्हणजे त्याची बायको.

डडलीनं वहीत लिहिलं, पलंगावर. "आणि खाते काय?"

"मटणाची हाडं."

"हाडं? आणि... अंडी?"

"आवडतात तिला. उकडून दिली तर दोन खाते."

डडलीनं पेन्सिल खाली ठेवली. बिचाऱ्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. एकटेपणानं माणसाचं काय काय होतं. तो आवाज हळू करून म्हणाला, "पॅस्को, तुम्ही कुणाला दाखवलंत का?"

"तिला? दाखवलं की. डॉक्टर म्हणाला, तिची तब्येत झकास आहे."

"तिची नाही हो, तुमची."

आयव्हरनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाळा, तू सावलीत बस जरा. टोपी नाहीये डोक्याला."

एवढं जाणून घेऊन डडली परतला. कुत्रीबद्दल मात्र विचारायचं राहूनच गेलं होतं. परत वळून कुंपणावरून ओरडून त्यानं एवढंच सांगितलं, की आज पाचला क्लबात बिअरला जाऊ नका, घरी थांबा आणि कुत्रीवर नजर ठेवा. मग स्वतः खुराड्यात शिरून बसायचं ठरवलं. गुन्हा डोळ्यांनी बघायचा होता त्याला.

खुराड्याचं दार कोंबडीच्या मापाचं होतं आणि डडली डडलीच्या मापाचा. आत तो गेला, पण कमरेपर्यंत. मागचा भाग बाहेर राहिला. अशा अवस्थेत, जाळीला नाक लावून, तो पाच वाजायची वाट बघत राहिला. मार्जरीनं त्याच्या कानावर दोनदा चोच मारून पाहिली आणि तिसऱ्यांदा नाद सोडला.

पाच वाजले. "चूक, चूक, चूक," ग्लेनिसनं हाक घातली.

कुत्री कुंपणावरून आली. पण डडलीला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली, कारण पहिल्यांदाच तो गप्प बसून बघत होता. (दुसरं काही करणं शक्यही नव्हतं.) कुत्री कोंबड्यांकडे गेलीच नाही. ती धावत आली ती सरळ ग्लेनिसपाशी. मान वर करून तिनं ग्लेनिसच्या तोंडाकडे पाहिलं. शेपटी हलली, मग थांबली. थोडा वेळ ती तशीच बघत राहिली, आणि मग, आता आलोच आहोत तर निदान काम तरी करावं, अशी वळली आणि कोंबड्या गोळा करायला लागली.

तेवढ्यात कुंपणाच्या वर आयव्हरचं डोकं उगवलं. रस्त्यात तो कुत्रीला नेहमी शिट्टीनं बोलवायचा, मेंढ्यांमागं बोलवायचे तशी. पण आज तोंडात पाईप होता, शिट्टी येईना. म्हणून त्यानं पाईप हातात घेऊन जोरात हाक मारली.

"चूक! ये इकडे!"

कुत्री जागच्या जागी वळली आणि उडी मारून घरी गेली. आणि कोपऱ्यातल्या सहाही कोंबड्या, पंख फडफडवत, कुंपणाखालच्या फटीतून तिच्या मागोमाग आयव्हरच्या अंगणात.

खुराड्यातून एक दबका आवाज आला.

"ग्लेनिस. मला बाहेर ओढ."

ओढून काढेपर्यंत साडेपाच झाले. मग सगळं उलगडलं. कुत्रीचंच नाव चूक. नोरीन सगळ्या जगाला लाडानं चूक म्हणायची, दुकानदारणीला, भाचीला, पोस्टातल्या बाईला, आणि पिल्लू घरात आलं तेव्हा त्यालाही. रोज संध्याकाळी पाचला ती दारात उभी राहून "चूक, चूक, चूक" करत जेवायला बोलवायची. आयव्हरला ती हाक नोरीनसारखी काही जमेना, आणि जमवावीशीही वाटेना. तो ताटली ठेवायचा आणि क्लबात निघून जायचा. दीड वर्षानं कुत्रीला बाईच्या आवाजात हाक ऐकू आली, ती ग्लेनिसची.

"तिला वाटतं नोरीन आली," आयव्हर म्हणाला आणि कोंबडी उचलून कुंपणावरून देता देता तोंड फिरवलं.

ग्लेनिसनं कोंबडी घेतली नि तशीच छातीशी धरून उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. कौन्सिलात. नाव काय, चूक. दोनदा सांगितलं. हा सँडविच खात होता."

डडलीनं दोघांचीही नजर चुकवली.

तक्रार मागं घेता येत नव्हती. पाहणी ठरली म्हणजे ठरली. मिस क्विगना दिसायला हवं होतं एवढंच, की पाचला कोंबड्या आपल्या जागी आणि कुत्री आपल्या जागी. कुत्रीचं नाव बदलायला आयव्हर तयार नव्हता, आणि त्याला तसं सांगायची आता ग्लेनिसचीही तयारी नव्हती. उरलं एकच, कोंबड्यांची हाक बदलायची. गुरुवारी सकाळपासून ग्लेनिसनं सगळं करून पाहिलं. "बिडी, बिडी" म्हणाली, कोंबड्यांनी मानही वळवली नाही. टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या परत वाजवल्या. पत्र्याचा डबा बडवला, तर पहिली धावत आली चूक, कारण तिची ताटलीही पत्र्याचीच होती. डडलीनं सूचना केली की गाणं म्हणून बघ. ग्लेनिस म्हणाली, "तू गाडीत जाऊन बस."

पाचला पाच मिनिटं कमी असताना मिस क्विग आल्या. उंच, सडसडीत, हातात कागद लावलेली पाटी. कुंपणापलीकडे आयव्हर चूकच्या गळ्यात हात टाकून पायरीवर बसला होता. पट्टा हातात होता, पण सैल धरलेला, हे इकडूनही दिसत होतं.

"नेहमीसारखं चालू द्या," मिस क्विग म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं.

नेहमीसारखं काय चालू द्यायचं? ग्लेनिस परसदारी उभी राहिली आणि तोंड उघडून परत मिटलं. कोंबड्यांना काल आयव्हरकडची टोमॅटोची रोपं फार आवडली होती. पाच वाजले, हाक आली नाही, तेव्हा मार्जरीनं मोर्चा काढला. पुढं ती, मागं पाच, सरळ कुंपणाच्या फटीकडे. पलीकडे चूक उठून उभी राहिली, कान टवकारून. पट्टा आयव्हरच्या हातातून सुटला. एकदा का तिनं कोंबड्या वळवत इकडे उडी मारली की संपलं. मिस क्विगनी पेनाचं टोपण काढलं.

आणि डडली काय करत होता? डडली फटीसमोर आडवा होऊन ती अडवायला खाली वाकला होता, आणि नेमका मार्जरीकडे पाठ करून.

ग्लेनिसचा संयम सुटला. चाळीस वर्षांच्या संसाराचा सगळा जोर लावून ती ओरडली, "डडली!"

सहाही कोंबड्या थबकल्या. वळल्या. आणि माना पुढं काढून धूम पळत आल्या, ग्लेनिसच्या पायाशी, आणि एका ओळीत उभ्या राहिल्या.

कुणालाच काही कळेना. मग ग्लेनिसला कळलं. बारा वर्षं रोज सकाळी नाश्ता झाला की ती दारातून "डडली!" ओरडायची, आणि तो उरलंसुरलं भरलेली बादली घेऊन खुराड्याकडे जायचा. कोंबड्यांच्या हिशेबी डडली म्हणजे खाऊ.

"डडली, डडली, डडली," ती आता गोड आवाजात म्हणाली आणि खुराड्याकडे चालू लागली. सहाजणी मागोमाग आत. पलीकडे चूकनं एक कान हलवला, तो शब्द तिच्या कामाचा नव्हता, आणि ती आयव्हरच्या पायावर हनुवटी टेकून पडून राहिली.

मिस क्विगनी सगळं लिहून घेतलं. नोंद नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग फाइल उलटताना त्या थांबल्या.

"इथं अर्जात लिहिलंय, चूक, एक. ही चूक कोणाची?"

"माझी," आयव्हर म्हणाला, आणि कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही, माझी," डडली म्हणाला. अक्षर त्याचंच होतं.

मिस क्विगनी दोघांकडे पाहिलं आणि डडलीचं नाव लिहिलं.

आता तिकडं सगळं सुरळीत आहे. अंडी परत सुरू झाली, मार्जरीला नवी शेपटी आली. कोंबड्या कोंडल्या की ग्लेनिस कुंपणापाशी जाते, हातात हाड असतं, आणि "चूक, चूक, चूक" अशी हाक घालते. आयव्हर आता क्लबात उशिरा जातो. ती हाक ऐकायला थांबतो, असं त्यानं स्वतः सांगितलं.

त्याआधी पाचला परसदारातून "डडली, डडली, डडली" ऐकू येतं, तेव्हा बागेतून सहा आणि आरामखुर्चीतून एक असे सातजण धावत येतात. दाणे सहांनाच मिळतात.