अडीच फुटांचे पटलेकाका

आमचे शेजारी पटलेकाका कुठलीही वस्तू अडीच फुटांशी ताडून पाहतात. मी नवा फ्रिज घेतला तेव्हा सगळ्यांनी किंमत विचारली. काकांनी विती टाकून तो मोजला आणि म्हणाले, "वैनी, छोटी लाईन याच्याहून जराशीच रुंद होती." माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारातूनही म्हणे छोटी लाईन आरामात जाते. जाईल की. पण गिऱ्हाइकं कुठून येतील?

छोटी लाईन म्हणजे गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. ती उखडून मोठी टाकली, त्याला बरीच वर्षं झाली. शहरानं ते पचवलं, काकांनी नाही. ते रेल्वेत नव्हतेच, सारा जन्म कापडाच्या दुकानात गेला. तरी राग असा, की कुणी त्यांच्या घरातूनच रूळ काढून नेले!

स्टेशनजवळ जुन्या छोट्या यार्डाच्या जागी मी एकदा स्कुटी लावली. काका तिथंच ओरडले, "उचला ते! इथं इंजिन फिरत होतं!"

"आता इथं फक्त तुमचं डोकं फिरतं," मी म्हटलं आणि स्कुटी तिथंच ठेवली.

कुणी तिला खेळण्यातली गाडी म्हटलं, की संपलंच. "त्या खेळण्यानं बांबू आणला, मोहा आणला, तुमच्या राईस मिलीचं धान आणलं. ती नसती तं हे नुसतं टेसन रायलं असतं. जंक्शन कायले म्हणता मंग?" शेवटी ठरलेलं वाक्य, "मोठी लाईन, मोठं डोंबल!"

इथपर्यंत मी सोसलं. पण याच लाईनीवरच्या एका गावात काकांची मोठी बहीण राहते. मोठी गाडी सुरू झाल्यापासून काका तिच्याकडे फिरकलेच नव्हते. काकांकडे मोबाईल नाही, म्हणून तिच्या सुनेचा फोन माझ्या गिरणीत आला. "मामाजीले सांगा जी, सासूबाईची नजर चालली. आंधळी व्हायच्या आधी भावाले पाहतो म्हणते."

मी निरोप दिला. काका म्हणाले, "मी नाई बसत मोठ्या लाईनीत."

मी गिरणीच बंद केली. "रुळांवर रुसून बसता? लाज वाटत नाही? बसनं जा!"

"बस समोरच्या दाराले नेते," ते पुटपुटले.

मला अर्थ कळला नाही, आणि विचारण्याइतका धीरही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना मोठ्या लाईनीच्याच गाडीत बसवलं आणि स्वतःही बसले.

गाव जवळ आलं तसे काका उठले आणि पिशवी धरून दाराशी गेले. गाडी भरावावरून सुसाट निघाली. खाली एका परसात एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून उभी होती. दिसली न दिसली तोच मागे पडली.

"पाहिलं?" काकांचा आवाज चिरकला. "हळू झालीच नाई."

मग तुटक तुटक कळलं. बहिणीच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, भांडणात काकांना बजावलं होतं, माझ्या घराची पायरी चढू नको. छोटी लाईन बहिणीच्या परसामागच्या वळणावर माणसाच्या चालीनं जायची. बहीण कुंपणाशी यायची, गाडीसोबत चालत डबा द्यायची. पुढच्या खेपेला काका रिकामा डबा परत द्यायचे. पिशवीत तिचा शेवटचा डबा होता.

"पण भाऊजी जाऊन वर्ष झालं, सुनेनंच सांगितलं!"

"पायरी तं तेच हाये नं."

पुढच्या स्टेशनला उतरून आम्ही ऑटोनं मागे आलो. ऑटो समोरच्या दारात थांबला. काका उतरले आणि घराला वळसा घालून चालू लागले. मी संतापून मागे धावले.

परसामागे जुन्या लाईनीची सपाट पट्टी होती, तिच्यावर तरोट्याचं रान माजलेलं. काका बरोबर मधोमध उभे राहिले आणि कुंपणावरून डबा पुढे केला.

म्हातारी भिंत चाचपत आली. आधी डबा हाताला लागला, मग हात.

"काऊन रे, गाडी एवढी लेट?"

"सिग्नल नोता भेटला, बाई."

दोघंही जागची हलेनात. मध्ये ते काट्यांचं कुंपण. या दोघांचं असंच चालू राहिलं, तर संध्याकाळची गाडी चुकणार होती. मी पदर खोचला आणि कुंपणाच्या काड्या उपसू लागले.

अडीच फूट उपसल्या. माणूस आरामात जातो.