अक्षरांवरचा मध

बरणीतला मध पुन्हा खाली गेला होता. बाईंनी चिनीमातीची बरणी खिडकीकडे तिरपी केली, आत एक डोळा लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत दर रविवारी पोरांना हिब्रू शिकवायला बाई नुकत्याच लागल्या होत्या. मूल पहिल्यांदा शिकायला बसलं की अक्षरावर मध लावायचा आणि तो त्याला चाटवायचा, विद्या गोड लागावी म्हणून, अशी जुनी रीत. ही एका दिवसाची रीत बाईंनी पार वर्षभर ताणायची ठरवली. भिंतीवर पोरांच्या हाताला येईल असा प्लॅस्टिकचा तक्ता टांगला. अक्षर ओळखलं की चमचाभर मध, चुकलं की पुढच्या रविवारी बघू. पोरं खुशीत होती, बाईही खुशीत होत्या. आणि आता हे.

"मावशी, कपाटाला कुलूप होतं ना?"

"होतं म्हणजे? दोनदा ओढून बघितलं मी," झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी आपटत म्हणाल्या. "माझ्यावर संशय असेल तर तोंडावर सांगा."

"तुमच्यावर कशाला असेल?" असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण मावशींच्या हनुवटीवर काही चिकटलंय का, हे त्यांनी पाहून घेतलंच. मावशींनी ते पाहिलं, केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि त्या दिवसापासून त्या खोलीत केर काढणं बंद केलं.

गोष्ट सिनेगॉगच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष म्हणजे भारदस्त माणूस. प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसत, शेजाऱ्यानं पान उलटलं की आपणही ऐटीत पान उलटत, आणि त्यांचं 'आमेन' तर रस्त्यापर्यंत ऐकू जाई. कपाटाची जादा किल्ली त्यांच्याच खुर्चीमागच्या खिळ्याला असे, त्यामुळे कुलपाची काळजी त्यांना जास्त.

"देवाच्या दारात चोरी!" ते गरजले. "बाई, पुढच्या रविवारपर्यंत चोर सापडला नाही तर वर्ग बंद. आधीच समितीला ती खोली खुर्च्या ठेवायला हवीय."

शिकवण्याची हौस त्यांना जन्माची, आणि हा वर्ग मिळवायला त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते. आता त्यांना जो तो चोर दिसू लागला. कुणी ओठांवरून जीभ फिरवली की संशय. कुणी डबा खाल्ला नाही की जास्तच संशय. पोरंही एकमेकांची बोटं हुंगू लागली. दोन आयांचं तर फाटकातच वाजलं, "माझा असला नाही हो, तुमचंच हाताळ असेल" म्हणून.

मग बाईंना तक्त्यावर डाग दिसले. चिकट बोटांचे, पहिल्या अक्षरापासून सातव्यापर्यंत. वर्गात शिकवून झाली होती तेवढीच! शिवाय सातव्यावर बोट चांगलंच घुटमळलेलं, आणि तिथून पुन्हा पहिल्यावर. म्हणजे चोर नियमानं चालत होता. अक्षर ओळखायचं, चमचा घ्यायचा, अडलं की पहिल्यापासून सुरू.

सातव्यावर अडणारा वर्गात एकच होता. भोपळ्या. दर परीक्षेत भोपळा आणतो म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

"भोपळ्या, खरं सांग. मध तू खाल्लास?"

"नाही बाई."

"मग सातव्यावर बोट कुणाचं?"

"बाई, मला सातवं आलं असतं तर तुम्हीच दिला असता की," भोपळ्या म्हणाला आणि रडायला लागला. बाईंना वाईट वाटलं. पण संशय ही चीज अशी, की ती वाईट वाटल्यानं जात नाही.

शेवटी त्यांनी केक करणाऱ्या भावाकडून खायचा जांभळा रंग आणला आणि कुणाला न सांगता मधात ढवळला. बरणी चिनीमातीची, तोंड अरुंद, आतलं काय दिसतंय!

रविवारी वर्गाआधी बरणी उघडली. एक, दोन नव्हे, चांगला सहा चमचे मध कमी. समिती आली होती, आया आल्या होत्या, मावशी दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. बाईंनी रंगाची गोष्ट तेव्हा कुठे जाहीर केली.

"शाबास!" अध्यक्ष उठले. घोटाळा असा, की बाई बोलत होत्या तेव्हा ते चिटणीसांना खुर्च्या कशा रचाव्यात ते समजावत होते. त्यांच्या कानावर 'जीभ तपासायची' एवढंच पडलं. "तपासणी मीच करतो. रांगेत उभे राहा रे!"

एकेक तोंड उघडलं. सगळ्या जिभा गुलाबी. मावशींनी तर कुणी न सांगता जीभ काढली आणि बाईंकडे पाहत बराच वेळ बाहेरच ठेवली. राहिला भोपळ्या. त्यानं ओठ गच्च मिटले होते.

"बघा!" चिटणीस म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं."

भोपळ्याचा पुढचा दात सकाळीच पडला होता आणि पोरं हसतील म्हणून तो बिचारा लाजेनं मरायला टेकला होता. पण हे कुणाला ठाऊक? अध्यक्ष त्याच्यापुढे वाकले.

"घाबरतोस काय? असं कर. आऽऽ!"

आणि त्यांनी जबडा उघडला. जीभ जांभळीगार.

सगळे अध्यक्षांच्या पाठीमागे होते. पुढून पाहिलं ते दोघांनीच, भोपळ्यानं आणि त्याच्यामागे उभ्या बाईंनी. बाईंच्या डोळ्यांपुढून शेजाऱ्याबरोबर उलटणारी पानं गेली, खिळ्यावरची किल्ली गेली, सातव्या अक्षरावर घुटमळलेलं बोट गेलं. त्यांना आधी राग आला, मग हसू, आणि मग कीव. इतकी वर्षं नुसतंच 'आमेन' म्हणायचं म्हणजे काय!

"आजोबा, तुमची..." भोपळ्यानं सुरुवात केली.

"भोपळ्या!" बाई ओरडल्या. "तुझी जीभ गुलाबी आहे. दिसली मला. बस जा." मग खालच्या आवाजात, "अध्यक्षकाका, तोंड मिटा. मधात जांभळा रंग होता."

अध्यक्षांनी तोंड मिटलं. कपाळावर घाम आला.

"मग चोर कोण?" चिटणीसांनी विचारलं.

"माझंच मापात चुकलं," बाई म्हणाल्या. "चोर नाहीच. वर्ग चालू ठेवायचा ना, काका?"

अध्यक्षांनी मान हलवली. इतकी जोरात, की टोपी पडली. त्यांनी भाषण केलं नाही, हे पाहून समिती मात्र हवालदिल झाली.

पुढच्या रविवारी 'वर्गावर देखरेख' म्हणून अध्यक्ष आले आणि भोपळ्याशेजारच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. खिळ्यावरची जादा किल्ली त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी तक्त्यावरच्या सातव्या अक्षरावर मध लावला, कापडानं झाकला आणि म्हणाल्या, "सातवं अक्षर. न बघता लिहा."

पाट्यांवर पेन्सिली करकरू लागल्या. भोपळ्यानं पाटी पोटाशी ओढली, वरून हाताचा आडोसा केला आणि शेजारी तिरका डोळा टाकून ओरडला,

"बाई, हे आजोबा माझ्यात बघतात!"