प्रीमियमवाला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतला हेडक्लार्क एका दुपारी साहेबांसमोर खोटं बोलला. बोलण्याची गरज नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन साहेब खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या बघत होते.

"माणूस ओळखायचा ना, तर तो गाडीत काय ओततो ते बघावं," ते म्हणाले. "भाव वाढले की लगेच साध्या पेट्रोलवर येणारा माणूस कामातही हात आखडता घेणार."

विभागप्रमुखाची खुर्ची बरेच दिवस रिकामी होती आणि हेडक्लार्कचा तिच्यावर डोळा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी तर प्रीमियमशिवाय भरतच नाही, साहेब."

खरं तर त्याच्या गाडीला असले लाड नकोच होते. टाकीच्या झाकणाच्या आतच छापलेलं होतं की हिला साधं पेट्रोल चालतं. गाडी घरी आली त्याच दिवशी बायकोने चष्मा लावून ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि तिथे विषय संपला होता.

पुढच्या आठवड्यात साहेबांची गाडी गॅरेजला गेली. एका बड्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. साहेब हेडक्लार्कच्या शेजारी येऊन बसले आणि पट्टा लावता लावता त्यांची नजर काट्यावर गेली. पेट्रोलचा भाव उतरेल या आशेवर हेडक्लार्कने टाकी भरली नव्हती. भाव उतरला नव्हता, काटा मात्र पार तळाला गेला होता.

"अहो, आपल्याला ढकलत न्यायचीय का? तो बघा समोर पंप. घ्या आत."

पंपावर मोठा फलक होता आणि त्यावरचे आकडे सकाळीच बदललेले होते. निळा गणवेश घातलेली, पन्नाशीची एक बाई खिडकीशी आली.

"साधं की प्रीमियम?"

"प्रीमियम!" हेडक्लार्क साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि त्याच वेळी बाईकडे बघून त्याने मान नकारार्थी हलवली.

"नको?"

"हवंय."

"मग मान का हलवताय?"

"माशी होती."

बाईने खांदे उडवले आणि प्रीमियमच्या नळीला हात घातला. हेडक्लार्कचा जीव टांगणीला लागला. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. तेवढी संधी साधून त्याने बाईकडे बघत डावा डोळा मिटला, उघडला, आणि डोळ्यानेच शेजारची साधी नळी दाखवली. बाईला नळी दिसली नाही. मिटलेला डोळा दिसला. म्हणून त्याने पुन्हा एकदा, जरा जोर लावून मिटला.

बाईने नळी जागेवर अडकवली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय हो? डोळा कोणाला मारता? माझा जावई तुमच्या वयाचा आहे!"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याच्या मागच्यानेही वाजवला, कारण पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. काचेच्या खोलीतून पंपाचा मॅनेजर धावत आला. "काय झालं, मावशी?" "हे विचारा यांना!" दोघं स्कूटरवाले हेल्मेट काढून निवांत उभे राहिले. साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला.

"हेडक्लार्क, ही बाई काय म्हणतेय?"

खरं सांगावं तर खुर्ची जाणार. न सांगावं तर अब्रू जाणार. हेडक्लार्कने दोन्ही वाचवायचं ठरवलं.

"साहेब, डोळा फडफडतो माझा. आपोआप. माझ्या हातात नाही ते." आणि पुरावा म्हणून त्याने मॅनेजरला, स्कूटरवाल्यांना आणि साहेबांना एकेकदा डोळा मारून दाखवला.

बाई एकदम विरघळली. "अगं बाई! आधी सांगायचं ना. आमच्या दिरांचं असंच सुरू झालं होतं." पुढे दिरांचं काय झालं ते तिने सांगितलं नाही. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"आणि अशा डोळ्याने तुम्ही मला घेऊन गाडी चालवताय? उठा तिथून. मी चालवतो. मावशी, प्रीमियम टाका, टाकी फुल!"

मीटरवरचे आकडे पळत होते, आणि ते बघताना हेडक्लार्कचा डोळा आपोआप फडफडायला लागला.

गिऱ्हाईक राहिलं बाजूला. साहेबांनी गाडी थेट आपल्या धाकट्या बहिणीच्या दवाखान्यासमोर उभी केली. ती डोळ्यांची डॉक्टर होती. तिने हेडक्लार्कची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ आत डोकावून बघितलं.

"डोळे छान आहेत. ताण दिसतोय. कसला ताण आहे का?"

साहेब पाठीशीच उभे होते. "नाही, मजेत आहे," हेडक्लार्क हनुवटी न हलवता म्हणाला.

"मग महिनाभर गाडी चालवायची नाही."

गाडी घराखाली उभी राहिली. बायकोने पावती बघितली, गाडी बघितली आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, एवढं महागाचं पेट्रोल भरून गाडी इथे काय शोभेला ठेवलीय?"

"डोळा फडफडतो माझा."

"माझ्यासमोर तर कधी नाही फडफडला!" ती म्हणाली. मग सगळी हकिगत काढून घेतल्यावर ती इतकी हसली की शेवटी तिलाच पाणी आणून द्यावं लागलं.

गॅरेजमधून सुटलेल्या आपल्या गाडीतून साहेब आता हेडक्लार्कला रोज घरून नेऊ लागले. माणूस प्रेमळ होता, पण वाटेत सारखा डोळ्याकडे बघायचा. त्यामुळे हेडक्लार्कला सिग्नलला एकदा आणि वळणावर एकदा फडफडावं लागे. कधी घोटाळाही व्हायचा.

"काल डावा होता ना?"

"आलटून पालटून होतं, साहेब."

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी साहेब गाडी चालवता चालवता म्हणाले, "विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवलंय वर. एवढा त्रास असून एक रजा नाही घेतलीत."

हेडक्लार्क आभार मानायला वळला, तेवढ्यात साहेबांनी गाडी मुख्य रस्ता सोडून एका गल्लीत घातली. ती थांबली एका आडबाजूच्या लहानशा पंपावर. इथे ऑफिसातलं कोणी येण्याची शक्यता नव्हती. पंपावरचा माणूस साहेबांना ओळखत होता. त्याने काही न विचारता साध्या पेट्रोलची नळी काढली आणि टाकीला लावली.

साहेबांनी काच वर केली. बराच वेळ ते स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "भाव कुठे गेलेत बघताय ना. मुलीचं शिक्षण चालू आहे... ऑफिसात बोलू नका हं हे. तुमच्यासारख्या प्रीमियमवाल्याला काय वाटत असेल, मला कळतंय."

हेडक्लार्क सीटवर जरा सरळ बसला, आणि मोठ्या मनाच्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "चालायचंच, साहेब. प्रत्येकाला कुठे परवडतं?"