घंगाळातलं संशोधन

लातूर जिल्हा झाला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नवे साहेब आले, साहेबांना नव्या जीपगाड्या आल्या. नळाला पाणी तेवढं आलं नाही. अशा कोरड्या दिवसांत प्रा. साहेबराव मुखेडकर यांनी 'तरुण संशोधक पारितोषिका'साठी अर्ज करायचं ठरवलं. (प्रा. म्हणजे प्राध्यापक, असं ते स्वतः म्हणत. कॉलेजच्या कागदावर 'तात्पुरते' एवढंच लिहिलेलं होतं.)

भूगोलाची ही नोकरी दर जूनला लागायची आणि दर एप्रिलला सुटायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. प्राचार्य धोंडप्पांनी शेवटी शब्द दिला, "एक बक्षीस आणा, साहेबराव. संस्थेपुढं ठेवतो अन् पर्मनंट करून टाकतो." तेव्हापासून साहेबरावांना झोपेतसुद्धा बक्षीस दिसू लागलं.

विषय ठरला बाष्पीभवन. लागणारं उपकरण कॉलेजात नव्हतं, पण घरात होतं. बायकोच्या, म्हणजे शिवकन्याबाईंच्या, बिलोलीच्या माहेराहून आंदणात आलेलं तांब्याचं घंगाळ साहेबरावांनी अंगणात मांडलं, पाण्यानं भरलं आणि आत फूटपट्टी उभी केली.

"याला कुणी हात लावायचा नाही. हे शास्त्र आहे."

"पाणी उन्हात वाळवून काय करून राहिलात?"

"किती वाळतं ते मोजतोय."

"अन् मोजल्यावर?"

"बक्षीस!"

शिवकन्याबाईंनी एकदा घंगाळाकडं पाहिलं, एकदा रिकाम्या घागरीकडं पाहिलं आणि त्या आत गेल्या. गप्प बसलेली बायको म्हणजे पटलेली बायको, असा साहेबरावांचा समज होता. (लग्नाला चार वर्षं झाली होती, तरीही होता.)

टँकर गल्लीत एक दिवसाआड यायचा, तो आला की साहेबराव घंगाळ पुन्हा काठोकाठ भरायचे. चार महिने आकडे मांडल्यावर साहेबरावांचे डोळे विस्फारले. टँकर येईल त्या दिवशी घंगाळातलं पाणी एक सेंटिमीटर उतरायचं आणि न येईल त्या दिवशी चक्क दोन! पाचवीतल्या पोरानं विचारलं असतं, घरात आणखी कोण असतं? पण साहेबराव एम.ए. होते. त्यांनी सिद्धांत मांडला : टँकर गल्लीतून गेला की हवेत ओलावा पसरतो आणि बाष्पीभवन निम्म्यावर येतं. साठ पानी निबंधाच्या शेवटी त्यांनी शासनाला शिफारसही केली, की पाणी वाचवायचं असेल तर धरणांभोवती भरलेले टँकर सतत फिरते ठेवावेत.

धोंडप्पांनी निबंध वाचला. म्हणजे शीर्षक वाचलं. "लई भारी! फक्त माझं नाव वर राहू द्या, वजन पडतं." त्यांना बाष्पीभवन म्हणजे काय तेही धड सांगता आलं नसतं. पण कुणाच्याही निबंधावर पहिलं नाव प्राचार्यांचंच, हा त्या कॉलेजचा रिवाज होता. साहेबरावांनी आपलं नाव खाली घेतलं.

अर्ज पहिल्या फेरीतून पार झाला आणि पुण्याचे एक परीक्षक धोंडप्पांना सोबत घेऊन प्रयोग बघायला थेट घरी आले. दिवस बिनटँकरचा होता. परीक्षकांनी चष्मा पुसून पट्टी वाचली, आकडा टिपून घेतला. मग बैठकीत चहा झाला. अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा पट्टी वाचली, तर पाणी अर्धा सेंटिमीटर उतरलेलं!

"अर्ध्या तासात? हे वाळवंटातसुद्धा होत नाही हो!"

"हाच तर आमचा शोध!" धोंडप्पांनी छाती फुगवली. "साहेबराव आकडे मांडतो, पण डोकं माझं हाय." आणि आनंदाच्या भरात त्यांनी घराकडं तोंड करून हाक दिली, "सूनबाई, साहेबांना आणखी एक चहा येऊ द्या!"

"आले," म्हणत शिवकन्याबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, तिघांच्या मधून वाट काढत घंगाळाशी गेल्या, तांब्या बुचकळून भरला आणि निघाल्या.

"अगं, हे काय करतेस?" साहेबराव किंचाळले.

"काय म्हंजे? टँकर उद्या हाय. घरात थेंब न्हाई. मघाचा च्या कशाचा केला होता मग?"

"रोज घेता?" परीक्षकांनी विचारलं.

"न्हाई. टँकर नसला की दोन तांबे. एक च्याला, एक ह्यांच्या दाढीला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलंच कधी?"

परीक्षकांनी हातातल्या रिकाम्या कपाकडं पाहिलं. त्या घंगाळात रोज सकाळी कावळे अंघोळ करतात, हे त्यांनी निबंधातच वाचलं होतं. (परिशिष्ट दोन. साहेबरावांनी कावळे मोजले होते, बायको मोजली नव्हती.) मग त्यांनी शांतपणे दोन तांब्यांचं पाणी आकड्यांतून वजा केलं.

"पाहा, आता रोजचं बरोबर एक सेंटिमीटर येतंय. अगदी बिनचूक. वीस वर्षांपूर्वी पुस्तकात छापलंय तेवढंच."

तोवर धोंडप्पांनी खिशातून पेन काढून मुखपृष्ठावरचं आपलं नाव खोडायला घेतलं होतं. "मी आधीपासून म्हणून राहिलो, ह्यात कायतरी गडबड हाय." साहेबरावांना भयंकर राग आला. पण एप्रिल संपत आला होता, म्हणून ते हसले.

बक्षीस अर्थातच गेलं. पण पंधरा दिवसांनी कॉलेजातून नेमणुकीचा लिफाफा आला आणि साहेबरावांनी तो देवापुढं ठेवूनच फोडला. 'टँकरविषयक प्रदीर्घ संशोधन विचारात घेऊन' संस्थेनं त्यांना वसतिगृहाच्या टँकरवर देखरेखीसाठी नेमलं होतं. पगार पूर्वीइतकाच. मुदत, पाऊस पडेपर्यंत.

तेव्हापासून सगळं लातूर आभाळाकडं हात जोडून बघतं. साहेबरावही बघतात, पण हात जोडत नाहीत. परवा शिवकन्याबाई अंगणातून हरखून ओरडल्या, "अवो, बाहेर या, आभाळ आलंय!"

साहेबराव बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं आणि मटकन खाली बसले.